वारसा, अपयश आणि समीक्षा : ‘धडक’च्या निमित्ताने

मराठीत ‘घराणे’ हा शब्द आदराने उच्चारला जातो आणि ‘घराणेशाही’ हा शब्द तिरस्काराने. जयपूर घराण्याची गायिका असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात तपश्चर्या असते. एखाद्या राजकीय कुटुंबाची घराणेशाही असे म्हणताना त्याच माणसाच्या मनात आयती मिळालेली खुर्ची असते. मूळ वस्तुस्थिती दोन्हीकडे सारखीच आहे. एका पिढीने मिळविलेले दुसऱ्या पिढीच्या हाती जन्माबरोबर येते. हिंदी चित्रपटसृष्टीतील नामवंतांच्या मुलामुलींच्या कलाकृतींवर गेल्या दशकात जी कठोर, पुष्कळदा निर्दय म्हणावी अशी जाहीर टीका झाली, तिने राजकारणातील हा दुसरा शब्द कलाव्यवहारात रूढ केला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंगना रनौत यांनी निर्माते करण जोहर यांच्यावर, त्यांच्याच दूरचित्रवाणी कार्यक्रमात बसून, घराणेशाहीचा आरोप केला. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर या आरोपाला लोकक्षोभाचे रूप आले.

या दोन घटनांच्या मधोमध, २० जुलै २०१८ रोजी, ‘धडक’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२९ एप्रिल २०१६) या मराठी चित्रपटाची ती पुनर्निर्मिती होती. दिग्दर्शन आणि लेखन शशांक खेतान यांचे, निर्मिती धर्मा प्रॉडक्शन्स आणि झी स्टुडिओज यांची. नायिका जान्हवी कपूर ही श्रीदेवी आणि बोनी कपूर यांची कन्या आणि हा तिचा पहिलाच चित्रपट. नायक ईशान खट्टर हा नीलिमा अझीम आणि राजेश खट्टर यांचा मुलगा. महाराष्ट्रात या चित्रपटावर झालेली टीका अन्यत्र झालेल्या टीकेपेक्षा अधिक तिखट होती आणि ते स्वाभाविकही होते. कारण येथील प्रेक्षकाच्या मनात मूळ कृती ताजी होती. ती टीका कशावर केंद्रित झाली आणि तिच्या गदारोळात काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तुलनेची चौकट

‘सैराट’मधील रिंकू राजगुरू अकलूजची. आकाश ठोसर करमाळा परिसरातील, कुस्तीच्या आखाड्यातून आलेला. दोघांच्याही घरी चित्रपटाचा वारसा नव्हता. रिंकूला या भूमिकेसाठी त्रेसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तोही चित्रपट महाराष्ट्रात प्रदर्शित होण्यापूर्वी. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात चित्रपट दाखविला गेला होता. पुढे तिकीटबारीवर शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून त्याची नोंद झाली. अशा कृतीच्या पुनर्निर्मितीत चित्रपटसृष्टीतच वाढलेली दोन मुले उभी केली गेली, तेव्हा ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ अशी विभागणी होणे अटळ होते. जून २०१८ मध्ये झलक प्रसारित झाली आणि चित्रपट पाहण्यापूर्वीच निकाल लागला. ‘झिंगाट’चा हिंदी अवतार ऐकून मराठी श्रोत्याला जो संताप आला, त्यात एक विसंगती होती, ती फारशी कोणी बोलून दाखविली नाही. या हिंदी गाण्यांचे संगीतकार अजय-अतुलच होते, आणि मूळ ‘सैराट’च्या निर्मितीत सहभागी असलेली झी हीच संस्था ‘धडक’चीही सहनिर्माती होती. म्हणजे ‘आपले’ ते ‘त्यांनी’ पळविले, हे चित्र तितकेसे खरे नव्हते. विक्रीचा व्यवहार घरातूनच झाला होता.

आणखी एक तपशील येथे नोंदविला पाहिजे. ‘सैराट’ची पुनर्निर्मिती एकट्या हिंदीत झाली नाही. २०१७ मध्ये कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’, पंजाबीत ‘चन्ना मेरेया’ आणि ओडियात ‘लैला ओ लैला’ हे चित्रपट आले. २०१८ मध्ये बंगालीत ‘नूर जहाँ’ आला. कन्नड आवृत्तीत नायिका स्वतः रिंकू राजगुरू होती आणि तिच्यासमोरचा नायक निशांत हा अभिनेते सत्यप्रकाश यांचा मुलगा. तेथेही नामवंताच्या मुलाला परश्याची भूमिका मिळाली, परंतु महाराष्ट्रात त्यावर कोणी अवाक्षर काढले नाही. यावरून टीकेचा रोख तत्त्वावर होता की दृश्यतेवर, असा प्रश्न पडतो. वारसदाराला झोडपण्यासाठी तो आधी पुरेसा प्रसिद्ध असावा लागतो.

‘धडक’च्या प्रदर्शनाआधी पाच महिन्यांहून थोड्या कमी काळापूर्वी, २४ फेब्रुवारी २०१८ रोजी, श्रीदेवी यांचे दुबईत निधन झाले होते. जान्हवीवरच्या टीकेला त्यामुळे एक विचित्र दुहेरी स्वर प्राप्त झाला. एक वर्ग सहानुभूतीने तिचे गुण फुगवून सांगत होता. दुसरा वर्ग आईच्या चेहऱ्याशी, आईच्या डोळ्यांशी तिची तुलना करून तिला शून्य गुण देत होता. दोघांनाही तिच्या अभिनयाशी फारसे कर्तव्य नव्हते. श्रीदेवी यांनी बालपणापासून दक्षिणेतील चार भाषांत काम करून जे कसब मिळविले होते, ते वयाच्या एकविसाव्या वर्षी पहिल्या चित्रपटात दिसावे ही अपेक्षाच रक्ताने कला येते या समजुतीवर उभी आहे. घराणेशाहीवर टीका करणारा प्रेक्षक ही समजूत मनोमन मान्य करतो, ही गोष्ट गमतीची आहे. वारसा नाकारायचा आणि अपेक्षा मात्र वारशाचीच ठेवायची, असा हा व्यवहार असतो.

ईशान खट्टरच्या वाट्याला तुलनेने सौम्य शब्द आले. माजिद मजिदी यांच्या ‘बियॉन्ड द क्लाउड्स’मध्ये त्याने त्याच वर्षी आपली क्षमता दाखविली होती, हे त्याचे एक कारण; पण ते पुरेसे नाही. चेहरा, रंग, शरीरयष्टी, पोशाख, बोलण्याची ढब यांवरून मुलीला जितके बोलले जाते तितके मुलाला बोलले जात नाही. ही टीका समीक्षेच्या भाषेत होत असली तरी तिची मुळे समीक्षेत नाहीत.

चेहरा आणि संहिता

‘धडक’मधील जान्हवी कपूरचा अभिनय उत्तम होता, असा दावा करण्याचे कारण नाही. मेवाडी ढंगाची हिंदी तिच्या तोंडी काही दृश्यांत येते आणि काही दृश्यांत नाहीशी होते. उत्तरार्धातील भांडणांत आवाज चढतो, परंतु राग चढत नाही. हे दोष समीक्षकांनी दाखविले ते योग्यच होते. प्रश्न असा आहे की, या दोषांचे मूळ कोठे आहे?

‘सैराट’मधील आर्चीची भाषा ही सोलापूर परिसरातील बोली आहे. ती अभिनेत्रीची स्वतःची बोली आहे आणि तेवढ्यावरच तिचे महत्त्व संपत नाही. आर्ची ज्या तोऱ्यात बुलेट चालविते, ट्रॅक्टर घेऊन परश्याच्या घरासमोर जाते, विहिरीत पोहते, मुलांना दटावते, त्या तोऱ्यामागे तात्या पाटलांची जमीन, राजकारण आणि जात उभी आहे. तिचे धाडस हे पाटलाच्या मुलीचे धाडस आहे. परश्याला तिच्यासारखे वागता येणार नाही. मच्छीमाराच्या या मुलाला नजर वर करण्याचीही किंमत मोजावी लागते. म्हणजे ‘सैराट’मधील नायिका हीच एका मोठ्या वारशाची धनी आहे, तो वारसा ती प्रेमापोटी टाकून देते, आणि शेवटी तोच वारसा आपल्या माणसांच्या रूपाने भेटवस्तू घेऊन तिच्या दारी येतो. हैदराबादच्या वस्तीतील दुर्गंधी, सामायिक शौचालय आणि पत्र्याची खोली यांनी आर्ची जी कोसळते, ती वारसा काढून घेतल्यावर माणसाचे काय उरते याची कसोटी आहे. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटाचा खरा विषय जन्माने मिळणारी सत्ता हा आहे.

खेतान यांच्या संहितेत उदयपूर आहे, हवेली आहे, निवडणूक लढविणारा आणि हॉटेल चालविणारा रतन सिंह आहे. मधुकर बागलाचे वडील उपाहारगृह चालवितात. उंच जातीच्या मुलीपासून दूर राहा, अशा अर्थाचा ओझरता उल्लेख होतो आणि तेवढ्यावर जात संपते. उरते ती श्रीमंत घराण्याची मुलगी आणि मध्यमवर्गीय मुलगा यांची कथा. ती हिंदी चित्रपटाने असंख्य वेळा सांगितलेली आहे. ‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा, नेमके सांगायचे तर १७४ मिनिटांचा आहे; ‘धडक’ त्याहून अर्ध्या तासापेक्षा अधिक लहान आहे. जे काढून टाकले गेले त्यात कथानकाचा भाग कमी आणि सामाजिक पोत अधिक होता. पार्थवीच्या तोऱ्याला आधार देणारी जमीनच पटकथेत नसेल, तर तिचा तोरा लाडावलेल्या मुलीच्या हट्टासारखा दिसणे क्रमप्राप्त होते. अभिनेत्री कितीही कसलेली असती तरी ही पोकळी भरून निघाली नसती.

महाविद्यालयीन अध्यापकांना ‘सैराट’मधील एक प्रसंग विशेष लक्षात राहिला असेल. नवे लोखंडे सर वर्गात कविता शिकवीत असतात. गावच्या सत्ताधारी कुटुंबातील प्रिन्स वर्गात येतो, भ्रमणध्वनीवर बोलत राहतो, आणि सरांनी हटकताच त्यांच्या मुस्काटात मारतो. वर्ग स्तब्ध होतो. तो कोणाचा मुलगा आहे हे सरांना नंतर समजावून सांगितले जाते. नामवंताच्या मुलाविषयी मराठी चित्रपटाने केलेले इतके तीव्र भाष्य दुसरे शोधावे लागेल. येथे वारसा म्हणजे कोणालाही थप्पड मारण्याची आणि त्याचा जाब न देण्याची मुभा आहे. ‘धडक’ला या दृष्टीने पाहिले असते तर टीकेला एक वेगळीच धार आली असती. जन्मसिद्ध सत्तेवरचा चित्रपट जन्मसिद्ध प्रवेश मिळालेल्या कलावंतांना घेऊन केला गेला, आणि तो करताना जन्मसिद्ध सत्तेचा उल्लेखच पुसला गेला. हा पुसण्याचा निर्णय एकवीस वर्षांच्या मुलीने घेतलेला नव्हता.

शेवटाची तुलना तर अधिकच बोलकी आहे. ‘सैराट’मध्ये आर्ची आणि परश्या दोघेही मारले जातात. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, रक्तात पाय भिजतात, आणि पार्श्वसंगीत थांबून गेलेल्या शांततेत ते रडत बाहेर पडते. पावलांचे ठसे उरतात. या दृश्यात कोणत्याही अभिनेत्याच्या चेहऱ्यावर भार टाकलेला नाही. ‘धडक’मध्ये मधुकर आणि मूल इमारतीवरून खाली फेकले जातात आणि पार्थवी ते पाहते. म्हणजे मुलगी वाचते. घराची अब्रू सांभाळण्यासाठी बाहेरचा मुलगा आणि त्याचे रक्त तेवढे नष्ट केले जाते. या बदलाचा सामाजिक अर्थ वेगळा आहे आणि तो तपासण्यासारखा होता. नाट्यदृष्ट्या त्याचा परिणाम असा झाला की, मंजुळे यांनी शांततेला दिलेले काम खेतान यांनी नायिकेच्या चेहऱ्याला दिले. पहिल्याच चित्रपटात काम करणाऱ्या मुलीला ते पेलले नाही, तेव्हा टीकाकारांनी तिला हसून घेतले. शांततेच्या जागी चेहरा कोणी आणला, असे विचारणारे थोडे निघाले.

काही समीक्षकांनी जात वगळल्याची नोंद ठळकपणे केली होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु सार्वजनिक चर्चेचा कल ‘रिंकूची सर कोणाला येणार’ या दिशेने राहिला. त्यात ‘सैराट’चे कौतुक होते, मात्र ते एका मुलीच्या नैसर्गिकतेचे कौतुक होते, चित्रपटातील विचाराचे नव्हते. ‘नैसर्गिक’ या विशेषणात आणखी एक खोच आहे. रिंकूचा अभिनय नैसर्गिक म्हटला की त्यामागची तिची मेहनत आणि दिग्दर्शकाने करून घेतलेला सराव दोन्ही दिसेनासे होतात. ग्रामीण मुलीला उपजत येते आणि शहरी वारसदाराला शिकवूनही येत नाही, ही मांडणी ऐकायला गोड असली तरी दोघींवरही अन्याय करणारी आहे.

घाटकोपरहून वर्सोव्याकडे

जात वगळणे ही केवळ रूपांतराच्या तंत्राची बाब आहे, असे घाटकोपरसारख्या उपनगरात बसून म्हणता येत नाही. पूर्वेकडे गुजराती व्यापाऱ्यांच्या इमारती आणि द्रुतगती महामार्गालगत माता रमाबाई आंबेडकर नगर. पश्चिमेकडे असल्फ्याच्या टेकडीवरील वस्त्या आणि अण्णाभाऊ साठे ज्या झोपडीत राहून लिहीत होते ते चिरागनगर, अशी या उपनगराची रचना आहे. ११ जुलै १९९७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर रमाबाई नगरात गोळीबार झाला आणि त्यात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर चारच दिवसांनी जीवन संपविणारे शाहीर विलास घोगरे आणि ती घटना आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाच्या केंद्रस्थानी आहेत. या वस्तीतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याने ‘सैराट’ पाहिला तो प्रेमकथा म्हणून आणि त्याखेरीज आणखी कशासाठी तरी. ‘धडक’मध्ये त्याला हे दुसरे काहीतरी सापडले नाही. त्याची तक्रार जान्हवी कपूरबद्दल असण्याचे कारण नव्हते.

८ जून २०१४ रोजी मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली ती घाटकोपर ते वर्सोवा अशी. बारा स्थानके, साडेअकरा किलोमीटरांना थोडे कमी अंतर. एका टोकाला वरील वस्त्या आणि दुसऱ्या टोकाला अंधेरी-वर्सोव्याचा परिसर. तेथे निर्मितीसंस्थांची कार्यालये आहेत आणि आरामनगरसारख्या ठिकाणी रोज अभिनयचाचण्या होतात. युवा महोत्सवात एकांकिका गाजविलेली मुले या गाडीने चाचणीला जातात. चाचणी देऊन परत येतात, पुन्हा जातात. घराणेशाहीवरचा लोकक्षोभ या मुलांच्या अनुभवातून येतो आणि म्हणून तो खोटा ठरवून चालणार नाही. नामवंतांच्या मुलांवरची टीका हा निव्वळ मत्सर आहे, हा निर्मात्यांच्या बाजूने केला जाणारा बचाव त्यामुळेच पटत नाही. क्षोभ खरा आहे; मात्र त्याचे समीक्षेत रूपांतर होत नाही, ही अडचण आहे.

२०२० मधील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट व्हावे. महेश भट्ट दिग्दर्शित आणि त्यांच्या कन्या आलिया व पूजा यांच्या भूमिका असलेल्या ‘सडक २’ची झलक १२ ऑगस्ट रोजी प्रसारित झाली. अल्पावधीत तिच्यावर एक कोटीहून अधिक नापसंतीच्या खुणा उमटल्या. त्या देणाऱ्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता, कारण तो प्रदर्शितच व्हायचा होता. नेमक्या त्याच दिवशी जान्हवी कपूरचा ‘गुंजन सक्सेना’ प्रदर्शित झाला आणि त्याचे गुणांकन ठरवून खाली ओढण्यात आले. या दुसऱ्या चित्रपटाबाबत एक खराखुरा वादविषय उपलब्ध होता. हवाई दलातील लिंगभेदाचे चित्रण अवास्तव असल्याचा आक्षेप खुद्द भारतीय हवाई दलाने घेतला होता. त्या आक्षेपाच्या दोन्ही बाजूंनी गंभीर चर्चा होऊ शकली असती. परंतु वडील कोण, आई कोण या प्रश्नापुढे तो मागे पडला.

मराठीत निर्दय टीकेची परंपरा जुनी आहे. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये (१९२५) रविकिरण मंडळाच्या कवितेची यथेच्छ टर उडविली. ती थट्टा क्रूर होती, तरी ती कवितेच्या लकबींची, शब्दकळेची आणि भावविवशतेची थट्टा होती. विडंबन करण्यासाठी अत्र्यांना मूळ कविता बारकाईने वाचावी लागली. कलाकृती न पाहता केलेल्या निषेधाला ती शिस्त नसते.

चुकण्याचा अधिकार

नामवंतांच्या मुलांना वारशाने नेमके काय मिळते, याचे उत्तर बहुधा ‘पहिली संधी’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. पहिली संधी रिंकू राजगुरूलाही मिळाली, आणि ती जान्हवी कपूरच्या संधीपेक्षा कलादृष्ट्या श्रेष्ठ होती. फरक पडला तो नंतर. ‘धडक’वर झालेल्या टीकेनंतर जान्हवीला ‘गुंजन सक्सेना’, ‘रुही’ (२०२१), ‘गुड लक जेरी’ व ‘मिली’ (२०२२), ‘बवाल’ (२०२३), ‘मिस्टर अँड मिसेस माही’, ‘उलझ’ आणि ‘देवरा’ (२०२४) असे चित्रपट मिळत गेले. त्यांतील काही पडले, काही बरे चालले. प्रत्येक वेळी पुढचा चित्रपट तयार होता. वारशाचे खरे मूल्य येथे आहे. तो कलावंताला अनेकदा चुकण्याची आणि चुकत चुकत शिकण्याची सवड देतो. ही सवड कलेला आवश्यकच असते. आक्षेप असेल तर तो ती मोजक्या आडनावांनाच मिळते यावर असला पाहिजे. घाटकोपरहून चाचणीला जाणाऱ्या मुलाला एकदा चुकण्याचीही चैन परवडत नाही.

संगीताच्या क्षेत्रात ही सवड घराण्याने नियमबद्ध केली होती. मोगूबाई कुर्डीकर यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांच्यावरही टीका झाली आणि ती कमी कडक नव्हती. परंतु त्या टीकेचा मुद्दा असा होता की, अल्लादियाखाँसाहेबांकडून मोगूबाईंना आणि मोगूबाईंकडून मुलीला आलेल्या गायकीची चौकट मुलीने मोडली. टीकाकाराला चौकट ठाऊक होती; मोडले ते काय, हे त्याला स्वरांत दाखविता येत होते. वारस वारशापासून दूर जातो म्हणून तेथे झोडपला गेला. आई कोण, एवढ्यावर ती टीका थांबत नव्हती.

वारसा कोणत्या वर्गाचा आहे यावरही टीकेची तीव्रता ठरते. अपर्णा सेन यांच्या कन्या आणि समीक्षक चिदानंद दासगुप्ता यांच्या नात कोंकणा सेन शर्मा यांना कोणी ‘ताऱ्याची मुलगी’ म्हणून हिणवीत नाही. शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ या कादंबरीवर त्यांच्या कन्या रेणुका शहाणे यांनी २००९ मध्ये ‘रीटा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला, तेव्हा आईची कादंबरी मुलीला आयती मिळाली असा सूर कोठे उमटला नाही. तो उमटू नये हेच योग्य. मात्र ग्रंथांचा, अभिरुचीचा आणि ओळखींचा वारसा सुशिक्षित टीकाकाराच्या घरातही असतो, म्हणून तो त्याला खुपत नाही, ही शक्यता अध्यापकवर्गाने तपासून पाहण्यासारखी आहे.

‘धडक’नंतरच्या दोन चित्रपटांचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याच धर्मा प्रॉडक्शन्सचा ‘धडक २’ आला. शाझिया इक्बाल दिग्दर्शित हा चित्रपट मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमल’ (२०१८) या तमिळ चित्रपटावर आधारित आहे, आणि त्यात महाविद्यालयातील जातिभेद हाच विषय आहे. सिद्धांत चतुर्वेदी आणि तृप्ती डिमरी हे त्याचे नायक-नायिका चित्रपटकुटुंबातील नाहीत. सेन्सॉर मंडळाने त्यात अनेक बदल सुचविले, आणि पहिल्या ‘धडक’ला मिळालेल्या उत्पन्नाच्या जवळपासही तो पोहोचला नाही. २०१८ मध्ये जात वगळली म्हणून संतापलेला प्रेक्षक २०२५ मध्ये जात दाखविणाऱ्या चित्रपटासाठी मोठ्या संख्येने बाहेर पडला नाही. वारसदार नको अशी मागणी होती; येथे वारसदारही नव्हते.

दुसरा चित्रपट नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’. मे २०२५ मध्ये तो कान महोत्सवात दाखविला गेला, २६ सप्टेंबर रोजी भारतात प्रदर्शित झाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला. त्याचीही निर्मिती धर्माची. ‘मसान’ आणि ‘गीली पुच्ची’ करणारे घायवान स्वतःची दलित ओळख जाहीरपणे सांगणारे दिग्दर्शक आहेत. पोलीस भरतीच्या अर्जावर आपली जात लपविणारा चंदन, त्याचा मित्र शोएब आणि टाळेबंदीतील घराकडची वाट, अशी ही कथा आहे. शोएबच्या भूमिकेत ईशान खट्टर आहे. चंदनला शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या सुधा भारती या दलित तरुणीच्या भूमिकेत जान्हवी कपूर आहे. चंदनची भूमिका करणारा विशाल जेठवा दूरचित्रवाणीवरून आलेला. म्हणजे ‘धडक’चीच निर्मितीसंस्था आणि ‘धडक’चेच दोन वारसदार, संहिता आणि दिग्दर्शक मात्र बदलले, आणि सात वर्षांपूर्वी ओझरत्या उल्लेखावर उडवून लावलेली जात पडद्याच्या मध्यभागी आली. २०१८ मधील दोष चेहऱ्यांत होता की कागदावर, याचा याहून थेट पुरावा मिळणे कठीण आहे.

तरीही सुधा भारतीच्या भूमिकेमुळे एक नवा प्रश्न निर्माण होतो आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. दलित तरुणीची भूमिका श्रीदेवीच्या कन्येने संयमाने आणि बऱ्याच अंशी विश्वसनीयपणे केली, हे मान्य करताना ती भूमिका तिच्याकडेच का गेली, असे विचारता येते. चित्रपटाला भांडवल मिळण्यासाठी, तो कानपर्यंत पोहोचण्यासाठी एक ओळखीचे नाव लागते, हे त्याचे व्यावहारिक उत्तर झाले. रिंकू राजगुरूने २०१६ नंतर मराठीत ‘कागर’ (२०१९) आणि ‘झिम्मा २’ (२०२३) यांसारखे चित्रपट केले, एका वेबमालिकेत प्रमुख भूमिका केली, आणि मोठ्या पडद्यावरील हिंदीत ती दिसली ती ‘झुंड’मधील (२०२२) छोट्या भूमिकेत; तोही चित्रपट नागराज मंजुळे यांचाच होता. तिच्या नावाने जान्हवीला झोडपणाऱ्यांपैकी कोणत्या निर्मात्याने, कोणत्या लेखकाने या वर्षांत तिच्यासाठी हिंदीत भूमिका लिहिली, ही चौकशी ‘धडक’च्या एकाही टीकाकाराने पुढे चालविलेली दिसत नाही.